वायर टाकू की वायफायच वाढवू? अमळनेरच्या एका घरासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न अमळनेरहून आला आहे. थोडक्यात सांगतो. पुढे वडिलोपार्जित धाब्याचं घर, मातीच्या दीड-दोन फुटी भिंती. मधे अंगण आणि मागे नवं दुमजली आरसीसी घर. फायबर रस्त्याच्या बाजूने येतं, म्हणून राऊटर पुढच्या ओसरीतल्या कोनाड्यात. प्लॅन १०० एमबीपीएसचा. सूनबाई मागच्या घरात, वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतात, मुलगा बारावीला, टीव्ही मागच्या हॉलमध्ये. त्याच्याही मागे चाळीसेक मीटरवर गोठा, तिथे दोन कॅमेरे लावायचेत. दुकानदार म्हणतो, एकाकडून दुसऱ्याकडे वायफाय पोचवणाऱ्या तीन डब्यांचा मेश संच घ्या. भाचा म्हणतो घरभर वायर टाका. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं ऐका. मी २२ वर्षं जळगाव-धुळे पट्ट्यात हेच काम करतोय. सायबर कॅफेच्या जमान्यात टेबलाखाली रांगत निळ्या वायरी ओढण्यापासून सुरुवात केली. तेव्हा वायरीला पर्याय नव्हता. आता पर्याय आहे म्हणून सगळे वायर विसरलेत, आणि मला येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक या विसरण्यातूनच येतात. (ज्या गावात १९४५ साली तेलाच्या गिरणीतून विप्रो उभी राहिली, त्या गावातून पुण्याच्या कंपनीचं काम करताना मीटिंग तुटावी, हे काही बरं दिसत नाही.)

पण पैसे काढण्याआधी एक तपासणी करा. तुमचं नेट खराब आहे की तुमचं वायफाय, हे आधी ठरू द्या. लोक या दोन्हींना 'नेट' म्हणतात, आणि एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध देतात. लॅपटॉप उचलून ओसरीत न्या, मीटरभर वायरीने थेट राऊटरला जोडा, वायफाय बंद करा आणि वेग मोजा. ९० ते ९५ आला तर कंपनीकडून येणारं नेट ठणठणीत आहे. मग तोच लॅपटॉप वरच्या खोलीत न्या आणि वायफायवर पुन्हा मोजा. दोन आकड्यांत जी तफावत दिसेल, ती तुमच्या भिंतींनी खाल्लेली. कंपनीला फोन करून ती भरून निघणार नाही, आणि २०० चा प्लॅन घेऊनही नाही.

वेगापेक्षाही कामाची चाचणी पिंगची, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजण्याची. वरच्या खोलीतून राऊटरच्याच पत्त्याला, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, दोन-तीन मिनिटं पिंग लावून ठेवा. यात बाहेरच्या नेटचा काही संबंध नाही, फक्त तुमच्या घरातला रस्ता मोजला जातो. वायरीवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतं आणि प्रत्येक वेळी तेवढ्यातच येतं. चांगल्या वायफायवर दोन ते पाच. तुमच्या वरच्या खोलीत मला वाटतं ६, ९, १४०, ७, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग ३१० असं काहीतरी दिसेल. सूनबाईंचा आवाज मीटिंगमध्ये तुटतो तो या १४० आणि ३१० मुळे. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते एकसारखे लागतात. स्पीड टेस्टमध्ये ४० दिसतात आणि मीटिंग तरी अडखळते, याचं कोडं इथे सुटतं.

आता भिंती. गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याला असंच घर पाहिलं. तिथल्या आजोबांनी दारातच सांगितलं, "भाऊ, नेट ओटावर येस, घरमा येत नही." आजोबांचं निदान अचूक होतं. मी फोनवर सिग्नल दाखवणारं ॲप उघडून घरभर फिरलो. हा सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राऊटरपुढे उणे ३८. मातीची एक भिंत ओलांडून माजघरात उणे ५९. दुसरी भिंत ओलांडून स्वयंपाकघरात उणे ७४. अंगण पार करून नव्या घरात वरच्या खोलीत उणे ८३. दर दहाला ताकद एक दशांश होते, म्हणजे पहिल्याच भिंतीने सिग्नलचा शंभरावा हिस्सासुद्धा धड पलीकडे जाऊ दिला नव्हता, आणि दुसरीने उरलेल्याचा जेमतेम तिसावा. माझा ढोबळ ठोकताळा असा: उणे ६७ पर्यंत मीटिंग बिनघोर चालते, ७५ च्या पुढे रडतखडत, ८० च्या पुढे नाव दिसतं पण काम होत नाही.

मातीची भिंत मे महिन्यात घराला थंड ठेवते ती तिच्या जाडीमुळे, आणि वायफाय अडतं तेही जाडीमुळे. आरसीसीत दुखणं वेगळं. विटांची चार-सहा इंची भिंत फार त्रास देत नाही, पण स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते. खालच्या मजल्यावरून वर जाणारा सिग्नल तिथे मार खातो. पत्र्याचं छत किंवा पत्र्याची भिंत मधे असेल तर सिग्नलचा विषयच संपला.

आणि कूलर. आपल्याकडे मे महिन्यात 'नेट स्लो झालं' असे फोन वाढतात, त्यातल्या काहींचं कारण मला घरात शिरताच दिसतं: हॉल आणि खोलीच्या मधल्या दारात पत्र्याचा मोठा कूलर. बाहेरून धातू, आत पाण्याची टाकी आणि ओलं गवत. रेडिओ लहरी अडवायला यापेक्षा चांगली वस्तू मुद्दाम बनवायची म्हटली तरी जमणार नाही. भुसावळला एका घरी कूलर दारातून खिडकीत सरकवला आणि आतल्या खोलीतला सिग्नल दहा-बाराने सुधारला. फी घ्यायला लाज वाटली, चहा घेतला.

वायफायचा स्वभाव एकदा समजून घ्या, म्हणजे मेशचा प्रश्न आपोआप सुटतो. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा हवेतला नियम आहे. चावडीवर सगळ्यांनी एकदम बोललं तर कोणालाच काही कळत नाही, तसं. त्यात जो लांब बसलाय त्याला तीच गोष्ट सावकाश, तुटक सांगावी लागते, म्हणजे तो जास्त वेळ खातो. वरच्या खोलीत उणे ८३ वर लटकलेला जुना फोन एखादा व्हिडिओ ओढत असेल, तर राऊटरशेजारी बसलेल्यालाही त्याची झळ लागते. वायरीत ही भानगड नाही. प्रत्येकाची वेगळी वायर, आणि त्याच वायरीत एकाच वेळी येणंही चालू आणि जाणंही चालू. खोक्यावर ३०० लिहिलेला साधा राऊटर हवेत हा आकडा फक्त आदर्श परिस्थितीत, तोही जाणं-येणं मिळून सांगतो. हातात त्याच्या निम्मं आलं तरी खूश व्हा. शिवाय अशा स्वस्त राऊटरची वायरीची छिद्रंही बहुधा १०० चीच असतात.

मेश म्हणजे काय, तर एक डबा ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. दोन डब्यांच्या मधला रस्ता हवेतूनच असेल, तर तीच गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते. एकाच रेडिओवर ऐकणं आणि सांगणं दोन्ही आलं की वेग निम्मा, तिसऱ्या डब्यापर्यंत आणखी निम्मा. महागड्या संचात या मधल्या गप्पांसाठी वेगळा रेडिओ असतो, तिथे इतकी घट येत नाही. पण तोही रेडिओच, आणि दोन फुटी मातीची भिंत त्याला ओळख दाखवत नाही. तुमच्या घरात पहिला डबा ओसरीत, दुसरा माजघरात, तिसरा मागच्या हॉलमध्ये ठेवला, तर पहिला आणि दुसरा एकमेकांना जेमतेम ऐकू येतील. दुकानदार खोटं बोलत नाहीये. जळगावच्या थ्री बीएचके फ्लॅटमध्ये तोच संच उत्तम चालतो. तुमचं घर फ्लॅट नाही, एवढंच.

हेच मेशचे डबे वायरीने एकमेकांना जोडले तर? मग ते हिऱ्यासारखे चमकतात. दोघांमधला अवघड प्रवास वायरीने होतो आणि हवेत उरतात शेवटचे चार-पाच मीटर, डब्यापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत. माझं सगळं मत या एका वाक्यात आलं: अंतर वायरीने कापा, खोली वायफायने भरा.

मग भाच्याच्या 'घरभर वायर'चं काय? तेही जास्तच होतं. फोनला आणि टॅबला वायर लावायला जागाच नाही, आणि पाहुण्यांना वायर कुठे काढून देणार? जे जागेवरून हलत नाही त्याला वायर द्या: टीव्ही, सूनबाईंचं टेबल, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, मेशचे किंवा ॲक्सेस पॉइंटचे (वायरीतून आलेलं नेट वायफायने खोलीत पसरवणारे) डबे. टीव्ही वायफायवरून काढल्याने हवा मोकळी होते, हा फायदा लोक धरत नाहीत. संध्याकाळी तीन तास हाय डेफिनिशन मालिका ओढणारं यंत्र रांगेतून उठून गेलं, की बाकीच्यांचा नंबर लवकर लागतो.

आता पहिली आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा, जी दुकानदाराने सांगितली नाही आणि भाच्यानेही नाही. राऊटर हलवा. फायबर ओसरीत संपतं कारण बसवायला आलेल्या मुलाने रस्त्यालगतची पहिली भिंत पकडली. त्याला अर्ध्या तासात मोकळं व्हायचं होतं. फायबरला तीस-चाळीस मीटर आणखी आत यायला काहीच त्रास नाही. प्रकाश एका किलोमीटरला अर्धा डीबीसुद्धा गमावत नाही, जे जातं ते जोडांमध्ये. कंपनीच्या माणसाला सांगून तो डबा नव्या घराच्या जिन्याखाली न्यायला लावा. वायर धाब्याच्या आतून न नेता बाहेरून, वळचणीखालून न्या. एकच पथ्य: फायबर काटकोनात मोडायचा नाही. बांगडीपेक्षा लहान वळण दिसलं की समजायचं, हा आज नाही तर पुढच्या वर्षी तक्रार देणार.

जिन्याखालीच का? दोन कारणं. तिथून वर, पुढे आणि मागे, तिन्हीकडे वायर न्यायला सोपं. दुसरं कारण ऊन. घरगुती राऊटरच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४ होतात. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर डबा ठोकलात, तर दुपारी तो स्वतःच मान टाकतो आणि रात्री पुन्हा शहाण्यासारखा वागतो. 'दुपारीच नेट जातं' ही तक्रार आली की मी आधी डब्याला हात लावून बघतो.

वायर कोणती? घराला कॅट-सिक्स घ्या. खरं तर कॅट-फाइव्ह-ईसुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते आणि तुम्हाला त्यापेक्षा जास्त लागत नाही, पण मजुरी तेवढीच आणि भावातला फरक थोडा, म्हणून सिक्स. खरी फसवणूक वेगळ्या ठिकाणी होते. अर्ध्या भावात मिळणारी वायर आतून ॲल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. दुकानात त्याला 'सीसीए' म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. एक तार काढून ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. ती वाकवली की तुटते, लांब अंतरावर मार खाते, आणि तिच्यातून वीज पाठवायची म्हटली तर तापते. अख्खी पेटी ३०५ मीटरची येते. तुम्हाला शंभरेक मीटर लागेल, ती सुटी मापून मिळते. शुद्ध तांब्याची वायर सुटी घेताना मीटरला पंचवीस ते चाळीस रुपये पडतात असा माझा अनुभव, आणि भाव गावागणिक बदलतो.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो तुमच्याकडेही घडेल. चाळीसगावच्या एका डॉक्टरांनी मला रागाने फोन केला. प्लॅन ३०० चा, वायफायवर २१० येतात आणि वायरीवर फक्त ९४. "तुम्ही तर सांगत होता वायर चांगली!" ९४ हा आकडा ऐकला आणि मी तिथे जाण्याआधीच ओळखलं. १०० च्या जोडणीतून प्रत्यक्षात नव्वद-पंच्याण्णवच हातात येतात. म्हणजे वायर गिगाबिटवर न बोलता १०० वर उतरली होती. वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. प्लग बसवणाऱ्याने तपकिरी जोडीची एक तार नीट आत सरकवलीच नव्हती, पिनेच्या अलीकडे राहिली होती. दिसायला प्लग झकास. मी तो कापला आणि पुन्हा बसवला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वेग २९० च्या आसपास आला. काही महाभाग एका वायरीच्या चार-चार तारा वाटून दोन यंत्रं चालवतात. तसं दिसलं तर नम्रपणे नकार द्या. वायरमनचं काम संपल्यावर लॅपटॉप लावून 'लिंक स्पीड' १००० दिसतोय का, हे बघूनच पैसे द्या. तुमचा प्लॅन १०० चा असल्याने आज फरक कळणार नाही, उद्या वाढवाल तेव्हा कळेल.

नेटची वायर विजेच्या वायरीच्या पाइपात घालू नका. वायरमन घालतील, कारण पाइप तयार असतो. त्याने नेटमध्ये गोंधळ होतो ही दुय्यम गोष्ट. कुठे आवरण सोललं तर २३० व्होल्ट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचतात ही मुख्य. वेगळी पट्टी लावा, वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. उघड्यावरच्या भागाला काळ्या आवरणाची बाहेरची वायर घ्या. घरातली करडी वायर खान्देशच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत पापडासारखी कडकडीत होते. आणि गोठ्याकडच्या बाजूला पाइपाची तोंडं बंद करा, उंदरांना हे आवरण फार आवडतं.

वायरीचा आणखी एक फायदा आपल्या भागात सोन्याच्या मोलाचा आहे: वायरीतून वीजही नेता येते. पीओई म्हणतात त्याला, २००३ पासूनचं मानक आहे, साध्या प्रकारात एका छिद्रातून १५.४ वॅटपर्यंत. म्हणजे जिन्याखाली एक पीओई स्विच (एका वायरीतलं नेट अनेक वायरींना वाटणारा आणि त्यांतून वीजही देणारा डबा) आणि त्याच्या मागे इन्व्हर्टर किंवा चांगला छोटा यूपीएस ठेवला, की वरच्या मजल्यावरचा ॲक्सेस पॉइंट आणि ओसरीतला ॲक्सेस पॉइंट त्याच वायरीवर चालू राहतात. वरती वेगळा सॉकेट नको, वेगळी बॅटरी नको. वायरलेस मेशमध्ये प्रत्येक डब्याला आपापली वीज लागते. लाइट गेली, एक डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि दुसरा साध्या पॉइंटवर निघाला, की साखळी तुटते आणि ऐन मीटिंगमध्ये तुटते. माझ्या मते तुमच्या घरात वायर जिंकते ती वेगापेक्षा या कारणाने.

पॉवरलाइन नावाचा तिसरा पर्याय कोणी सुचवेल, घरातल्या विजेच्या तारांतूनच नेट नेणारा. मी दोन घरांत लावून पाहिला, दोन्हीकडून काढून आणला. आपल्याकडे अर्धं घर इन्व्हर्टरच्या सर्किटवर, अर्धं सरळ, जुनं घर एका फेजवर, नवं दुसऱ्यावर. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावायची बंदी असेल तर शेवटचा उपाय म्हणून ठीक.

आता गोठा. इथे मात्र मी तुम्हाला तांब्याची वायर टाकू देणार नाही, आणि हे मी माझ्या पैशाने शिकलोय. रावेरकडच्या एका मळ्यात घरापासून शेडपर्यंत साठ मीटर कॅट-सिक्स खांबावरून ओढली होती. काम देखणं झालं होतं, फोटोही काढले. जूनमधला पहिला वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या, वीज प्रत्यक्ष पडली ती लांब कुठेतरी. सकाळी स्विच मेलेला, रेकॉर्डर मेलेला, तीन कॅमेऱ्यांपैकी दोन मेलेले, आणि घरातल्या टीव्हीचं नेटचं छिद्रसुद्धा गेलेलं. दोन इमारतींच्या मधली लांब तांब्याची तार म्हणजे जवळपास पडणाऱ्या विजेचा झटका दोन्ही घरांत वाटून देणारी सोय. मालक भले माणूस, माझ्याशी भांडले नाहीत, पण निम्मा खर्च मी उचलला. तेव्हापासून दोन इमारतींच्या मधे मी फक्त फायबर टाकतो. काच वीज वाहून नेत नाही. मात्र आधारासाठी लोखंडी तार असलेला फायबर येतो, तो घेतला तर ती लोखंडी तार दोन्ही टोकांना बाहेरच थांबवा, यंत्रांपर्यंत नेऊ नका. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि तांब्याची वायर यांना जोडणारे डबे) लागतात, एक 'ए' आणि एक 'बी', दोन्ही 'ए' आणले तर चालत नाहीत. फायबर वीज नेत नसल्यामुळे गोठ्यात कन्व्हर्टर आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळी वीज आणि छोटा यूपीएस ठेवावा लागेल. तिथल्या विजेच्या लाइनवरून झटका आलाच, तर गोठ्यातलं सामान जाईल, घरातलं वाचेल. अर्थिंग तरीही तपासून घ्या.

गोठ्याला वायफायने का नाही? करता येतं. समोरासमोर दिसणाऱ्या, एकाच दिशेला सिग्नल फेकणाऱ्या दोन अँटेना लावल्या तर चाळीस मीटर म्हणजे खेळ आहे. मी अशा जोड्या किलोमीटरभरही चालवल्यात. पण मधे काय उगवणार आहे ते बघा. यावलजवळ एका केळीच्या बागेतून पंपावरच्या कॅमेऱ्यासाठी अशी जोडी लावली होती. मृगबाग नुकती लावलेली, रोपं गुडघ्याएवढी, अँटेना आठ फुटांवर, सिग्नल उणे ५२, सगळं चोख. दिवाळीपर्यंत ठीक. मग हळूहळू कॅमेरा अडखळायला लागला आणि संक्रांतीच्या सुमारास बंदच पडला. मी आधी अँटेना बदलली, मग वायर बदलली, मग फर्मवेअर. शेवटी शेतकऱ्यानेच हात वर करून दाखवलं: केळीची पानं अँटेनाच्या रेषेत आली होती. केळीचं पान म्हणजे पाण्याचा पडदा. अशा वीस-पंचवीस ओळी मधे उभ्या होत्या. खांब बावीस फुटी केला आणि प्रश्न मिटला. तुमच्या परसात केळी नसतील, पण पेरू, शेवगा, कडब्याची गंजी यातलं काही रेषेत येणार असेल तर आत्ताच विचार करा. शिवाय कॅमेरा दिवसरात्र दोन ते चार एमबीपीएस पाठवत राहतो. तो घरच्या वायफायवर टाकला तर चावडीवर न थांबता बोलणारा एक माणूस कायमचा बसवल्यासारखं होईल.

तर तुमच्या घराचा माझा आराखडा असा. कंपनीचा डबा नव्या घराच्या जिन्याखाली. शेजारी आठ छिद्रांचा गिगाबिट पीओई स्विच. तिथून दोन वायरी वर: एक सूनबाईंच्या टेबलाशी, लॅपटॉपला थेट, लॅपटॉपला छिद्र नसेल तर यूएसबीचा गिगाबिट ॲडॅप्टर लावून; दुसरी वरच्या पॅसेजच्या छताला, ॲक्सेस पॉइंटसाठी. एक वायर टीव्हीमागे. एक पुढे ओसरीत, तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट. अंगणातून जाणाऱ्या या वायरीबद्दल तुम्ही मला पकडाल, तांबं इमारतींच्या मधे नको म्हणालो आणि इथे टाकतोय. तुमचं नवं घर जुन्याला एका बाजूने जोडलेलं असेल, दोन्हींना मीटर आणि अर्थिंग एकच असेल आणि वायर भिंतीलगत जात असेल, तर मी तांबं टाकेन, दोन्ही टोकांना विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर लावून. घरं सुटी असतील आणि वायर हवेतून जाणार असेल, तर इथेही फायबर. मग ओसरीतल्या ॲक्सेस पॉइंटला तिथली वीज द्यावी लागेल आणि लाइट गेल्यावर ओसरीत बसणाऱ्यांचे भजनाचे व्हिडिओ थांबतील, ते तुम्ही बघून घ्या. गोठ्याला फायबर. हा सगळा खर्च चांगल्या मेश संचाच्या आसपास जातो, मजुरी धरून थोडा वर. डबे कमी आणि खोदकाम जास्त, एवढाच फरक.

वायफायचं नाव दोन्ही ॲक्सेस पॉइंटना एकच, पासवर्ड एकच, म्हणजे फोन घरात फिरताना आपोआप जवळचा धरेल. चॅनेल मात्र वेगवेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपैकीच निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की आकडा मोठा दिसतो आणि शेजाऱ्याशी भांडण वाढतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला लाजाळू, आता प्रत्येक भागात डबा असल्याने तुम्हाला तेच जास्त उपयोगी. जळगाव-धुळ्याच्या दाट वस्तीत २.४ वर पंचवीस शेजारी भेटतात, तिथे मी ते फक्त प्लग आणि जुन्या कॅमेऱ्यांसाठी ठेवतो. मळ्यावर हवा रिकामी असते, तिथे २.४ च राजा. सिग्नलची ताकद 'हाय' वर ठेवण्याचा मोह आवरा. डब्याचा आवाज लांब पोचतो, पण फोनचा आवाज तेवढा परत येत नाही, आणि फोन लांबच्या डब्याला चिकटून बसतो. मध्यमवर ठेवा. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय जिन्याखाली बंद करून टाका, राऊटरच्या मागच्या स्टिकरवरचा ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडण्याची सोय) बंद ठेवा.

भिंत फोडायचीच आहे तर वर दोनच्या जागी तीन वायरी टाका. तिसरी आज मोकळी राहील. वायर स्वस्त, खोदकाम महाग. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पट्टी लावून नाव लिहा, 'वर टेबल', 'वर छत', 'ओसरी', नाहीतर तीन वर्षांनी कोणीतरी जिन्याखाली बसून एकेक वायर उपटत वर हाका मारत बसेल, "आता गेलं का?" गोठ्याचा फायबर मात्र मृगाच्या आधी टाकून घ्या. पाऊस सुरू झाला की चर खणायला मजूर मिळत नाही, सगळे पेरणीला जातात.